काम व रोजगार अभ्यास : बिझनेस स्कूलमधील अध्यापन

नोकरी, मजुरी, कामाची पद्धत, मालक-कामगार संबंध, कामगार संघटना, कामगार कायदे आणि श्रमबाजार यांचा एकत्रित अभ्यास करणारी विद्याशाखा. विसाव्या शतकाचा बराच काळ ती ‘औद्योगिक संबंध’ या नावाने शिकवली गेली. ब्रिटनमध्ये आज तिचे अध्यापन मुख्यतः विद्यापीठांच्या बिझनेस स्कूलमध्ये चालते. व्यवस्थापक घडवणाऱ्या संस्थेतच व्यवस्थापकाच्या अधिकाराची चिकित्सा करायची, हे या अध्यापनाचे वैशिष्ट्य. त्याच्या अडचणीही तिथूनच सुरू होतात.

विषयाचा गाभा थोडक्यात सांगता येतो. मालक कामगाराचा वेळ विकत घेतो. त्या वेळात काम किती होईल, कसे होईल आणि कोणाच्या मर्जीने होईल, हे कोणत्याही करारात पुरते लिहिता येत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी मुकादम, उक्ते दर, बढतीची आशा, कामावरून काढण्याची भीती आणि ‘आपण सारे एक कुटुंब’ ही भाषा असे नाना उपाय योजले जातात. कामगारही आपल्या परीने वेग, वेळ आणि मान राखण्याचा प्रयत्न करतो. ॲलन फॉक्स या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञाने १९६६ मध्ये या नात्याकडे पाहण्याच्या दोन दृष्टी वेगळ्या केल्या. कारखान्यात सर्वांचे हित एकच असते, असे मानणारी पहिली. तिथे वेगवेगळी हिते असतात व त्यांच्यात तडजोड घडवावी लागते, असे मानणारी दुसरी. १९७४ मध्ये त्याने या दुसऱ्या दृष्टीवरही टीका केली. तडजोडीला बसणाऱ्या दोन पक्षांची ताकद मुळातच असमान असते, हा त्याचा मुद्दा. या तीन दृष्टी आजही पहिल्या सत्राच्या सुरुवातीलाच शिकवल्या जातात, आणि ते योग्यच आहे. एकच संप तिघींतून पाहिला की विद्यार्थ्याला तीन निरनिराळ्या घटना दिसतात.

या विषयाची पायाभरणी व्यवस्थापनशास्त्राच्या बाहेर झाली. सिडनी व बिॲट्रिस वेब या दाम्पत्याचा ‘इंडस्ट्रियल डेमॉक्रसी’ हा ग्रंथ १८९७ चा. त्याआधी दोन वर्षे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या स्थापनेतही त्यांचा पुढाकार होता. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात जॉन कॉमन्सने कामगार इतिहास आणि कामगार कायदा यांची सांगड घातली. प्रिन्स्टनमध्ये १९२२ साली औद्योगिक संबंधांचा विभाग निघाला आणि १९४५ मध्ये कॉर्नेलने या विषयासाठी स्वतंत्र विद्यालयच उघडले. ब्रिटनमध्ये माँटेग्यू बर्टन या तयार कपड्यांच्या कारखानदाराच्या देणगीतून १९३० च्या सुमारास लीड्स, कार्डिफ आणि केंब्रिज येथे प्राध्यापकपदे निर्माण झाली. महायुद्धानंतर ह्यू क्लेग, ॲलन फ्लँडर्स आणि फॉक्स यांच्यामुळे ऑक्सफर्ड हे केंद्र बनले. कामगार संघटनांच्या चौकशीसाठी नेमलेल्या, १९६५ ते १९६८ या काळात काम केलेल्या डोनोव्हन आयोगावर या मंडळींचा मोठा प्रभाव होता. देशपातळीवरचे लेखी करार एकीकडे आणि कारखान्यात कामगार प्रतिनिधी व फोरमन यांच्यात रोज होणारी बोलणी दुसरीकडे, अशा दोन व्यवस्था एकाच वेळी नांदतात, हा आयोगाचा प्रसिद्ध निष्कर्ष. क्लेग १९६७ मध्ये वॉरिक विद्यापीठात गेले. तिथे १९७० साली सुरू झालेले औद्योगिक संबंध संशोधन केंद्र पुढे वॉरिक बिझनेस स्कूलचा भाग बनले.

यानंतर विषयाचे दिवस पालटले. १९७९ मध्ये ब्रिटनमध्ये कामगार संघटनांचे सुमारे १ कोटी ३० लाख सभासद होते. थॅचर सरकारचे कायदे, जुन्या उद्योगांची पडझड आणि १९८४-८५ च्या खाणकामगार संपातील पराभव यांमुळे ही संख्या झपाट्याने घसरली. त्याच सुमारास हार्वर्डने आपल्या एमबीएमध्ये मनुष्यबळ व्यवस्थापन हा आवश्यक विषय केला आणि जगभरच्या बिझनेस स्कूलनी तो उचलला. समाजशास्त्र विभागांचा निधी आटत असताना बिझनेस स्कूलमध्ये मात्र विद्यार्थ्यांची रीघ लागली होती. कामाचा अभ्यास करणारे समाजशास्त्रज्ञ साहजिकच तिकडे नोकरीला गेले. हॅरी ब्रेव्हरमनच्या १९७४ मधील ‘लेबर अँड मोनॉपली कॅपिटल’ने चेतवलेली श्रमप्रक्रियेची चर्चा त्यांच्याबरोबर आली. कसब कामगाराच्या हातातून काढून आराखड्यात नेले जाते, हा त्या ग्रंथाचा दावा. १९८३ पासून श्रमप्रक्रियेवर परिषदा भरू लागल्या, १९८७ मध्ये ‘वर्क, एम्प्लॉयमेंट अँड सोसायटी’ हे नियतकालिक निघाले. कामगारांच्या बाजूने प्रश्न विचारणारे संशोधन अशा रीतीने व्यवस्थापन विद्यालयांच्या छपराखाली वाढले.

वर्गात हा विषय वेगळा कुठे पडतो, ते हॉथॉर्न प्रयोगाच्या उदाहरणावरून कळते. शिकागोजवळच्या वेस्टर्न इलेक्ट्रिक कारखान्यात १९२७ पासून टेलिफोनचे रिले जोडणाऱ्या पाच स्त्रियांना वेगळ्या खोलीत बसवून त्यांच्या कामाची नोंद ठेवली गेली. माणसांकडे आपुलकीने लक्ष दिले की उत्पादन वाढते, असा त्याचा सारांश व्यवस्थापनाच्या बहुतेक क्रमिक पुस्तकांत असतो. काम व रोजगाराच्या वर्गात याच प्रयोगाच्या वगळल्या गेलेल्या नोंदी वाचल्या जातात. त्या पाचजणींपैकी दोघींना, फार बोलतात आणि सहकार्य करत नाहीत म्हणून, जानेवारी १९२८ मध्ये हटवून त्यांच्या जागी दुसऱ्या दोघी आणल्या गेल्या. शिवाय कमाई कारखान्यातील मोठ्या गटाऐवजी या छोट्या गटाच्या उत्पादनाशी जोडली गेली होती. म्हणजे उत्पादन वाढले तेव्हा आपुलकीबरोबर शिस्तीचा बडगा आणि पैसाही होता. ॲलेक्स कॅरी यांनी १९६७ मध्ये ही चिकित्सा मांडली. एकाच पुराव्याचे दोन पाठ शेजारी ठेवण्याचा हा तास मला या संपूर्ण अभ्यासक्रमातला सर्वांत मोलाचा वाटतो.

दुसरे उदाहरण डोनाल्ड रॉय आणि मायकेल बुरावॉय या समाजशास्त्रज्ञांचे. रॉयने १९४४-४५ मध्ये शिकागो परिसरातील एका यंत्रशाळेत ड्रिल चालवण्याची नोकरी केली. उक्त्या दराच्या कामावर ताशी सव्वा डॉलरच्या वर कमाई दाखवायची नाही, असा तिथल्या कामगारांचा अलिखित नियम होता. दाखवली तर व्यवस्थापन दर कापेल, ही त्यामागची भीती. तीस वर्षांनी बुरावॉयने यंत्रावर काम धरले आणि कारखाना तोच निघाला. कोटा गाठण्याच्या खेळात रमताना कामगार स्वतःच व्यवस्थेला संमती देत जातो, असे त्याने १९७९ च्या ग्रंथात मांडले. दोघांच्या टिपणांची तुलना करायला दिली की विद्यार्थी व्यवस्थापनाच्या आलेखांपलीकडचा कारखाना पाहू लागतात.

अभिरूप वाटाघाटी हा अध्यापनाचा आणखी एक रुळलेला प्रकार. वर्गाचे दोन गट पडतात, युनियन आणि व्यवस्थापन. दोघांना कंपनीचा ताळेबंद मिळतो, पण आपापल्या मर्यादा गुप्त असतात. पहिल्या फेरीत आकडे फेकले जातात. खरे शिक्षण मधल्या सुट्टीत, गट बाहेर जाऊन आपसांत भांडतात तेव्हा होते. ‘आपल्या सभासदांना काय तोंड दाखवायचे?’ हा प्रश्न युनियनच्या बाजूला बसलेल्या भावी व्यवस्थापकाला तिथे पहिल्यांदा पडतो. अनेक विद्यार्थी शिकतानाच सुपरमार्केटमध्ये किंवा पबमध्ये काम करत असल्याने त्यांची पगारपत्रके आणि ड्युटीचे तक्तेही वर्गात अभ्याससाहित्य होतात. किमान तासांची हमी नसलेला करार म्हणजे काय, हे त्यांना पुस्तकातून समजावावे लागत नाही. उबरचे चालक स्वतंत्र व्यावसायिक नसून कायद्याच्या अर्थाने कामगार आहेत, हा ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाचा फेब्रुवारी २०२१ चा निकालही हमखास वाचायला दिला जातो.

विषय शिकवणाऱ्यांची स्वतःची नोकरीही सुरक्षित राहिलेली नाही. २००७-०८ मध्ये कील विद्यापीठात आणि २०२१ मध्ये लेस्टर विद्यापीठाच्या बिझनेस स्कूलमध्ये या व याच्या निकटच्या क्षेत्रांतील अध्यापकांच्या जागांवर गदा आली आणि देशविदेशातून निषेध झाला. तासांवर नेमलेले अध्यापक हंगामी रोजगारावर व्याख्यान देतात, हे चित्र ब्रिटनमध्ये सर्रास आहे; महाराष्ट्रातल्या तासिका तत्त्वावरील प्राध्यापकांना ते वेगळे सांगायला नको.

भारतात या अध्यापनाची सुरुवातीची केंद्रे मुंबईत होती. १९३६ मध्ये नागपाड्यात सुरू झालेली समाजकार्याची संस्था म्हणजे आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था. सरकारची बॉम्बे लेबर इन्स्टिट्यूट १९४७ ची. परळमधील ही संस्था आता नारायण मेघाजी लोखंडे यांच्या नावाने ओळखली जाते. ५०० किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणे १९४८ च्या कारखाने अधिनियमाने बंधनकारक केल्यामुळे अशा अभ्यासक्रमांना कायम मागणी राहिली. जमशेदपूरची एक्सएलआरआय १९४९ मध्ये कामगार संबंधांच्या शिक्षणासाठीच निघाली. आज तिची ख्याती व्यवस्थापनाची संस्था म्हणून आहे. एमबीएच्या वर्गात कामगार संबंध बहुधा मनुष्यबळ व्यवस्थापनातील एखाद्या पेपरापुरते उरतात. हे नुकसानीचे आहे, कारण शिकवण्याजोगी सामग्री महाराष्ट्राइतकी फार थोड्या प्रांतांत असेल. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला गिरणी संप आहेच, पण त्याहून उपयोगी धडा १९६९ च्या माथाडी कायद्याचा आहे. आज एका मालकाकडे, उद्या दुसऱ्याकडे ओझी वाहणाऱ्या हमालासाठी या कायद्याने त्रिपक्षीय मंडळे उभी केली. मालक मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही मंडळात भरतो; मंडळ कामगाराला मजुरी देते आणि लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी व वैद्यकीय मदत पुरवते. ॲपवर घरपोच सामान पोचवणाऱ्यांच्या सामाजिक सुरक्षेची चर्चा करणाऱ्या प्रत्येक अभ्यासक्रमात हा कायदा असायला हवा.