विटाळ कुणाचा, घाण कुणाची : शिवनेपासून नाथसागरापर्यंत

पर्यावरणाच्या कुठल्याही कार्यक्रमाला जा, एक वाक्य हमखास कानावर पडतं : "पूर्वी आपल्या नद्या किती स्वच्छ होत्या!" टाळ्या पडतात. चळवळीतली आपली पोरंही टाळ्या वाजवतात. माझा प्रश्न साधा आहे. नद्या स्वच्छ होत्या, तर गावाची आणि शहराची घाण जात कुठे होती?

ती आपल्या माणसांच्या डोक्यावरून जात होती. शहरातला मैला भंगी, मेहतर समाजाच्या बायामाणसांनी टोपलीत आणि गाड्यात भरून वेशीबाहेर न्यायचा, राखेत-कचऱ्यात मुरवायचा आणि मग शेतकऱ्याने तो खत म्हणून शेतात टाकायचा. या खताला मराठीत नाव आहे 'सोनखत'. खत सोन्याचं आणि वाहणारा अस्पृश्य! मेलेलं ढोर महारांनी ओढायचं, कातडं चांभार-ढोरांनी कमवायचं. मैल्यात नायट्रोजन असतो, हाडांत फॉस्फरस. आजचे शास्त्रज्ञ ज्याला पोषकद्रव्यांचं चक्र म्हणतात, ते चक्र या देशात जातीच्या खांद्यावर फिरत होतं. नदी स्वच्छ होती असं म्हणणाऱ्याला एवढंच विचारा, की त्या 'पूर्वी'मध्ये तुमचे आजोबा टोपलीच्या कुठल्या बाजूला उभे होते?

पुढे फ्लशचे संडास आणि गटारं आली. टोपली काही प्रमाणात गेली, पण मैला शेतात जायचा थांबून थेट ओढ्यात जाऊ लागला. आणि गटार तुंबलं की आत उतरणारा माणूस कोण, हे वेगळं सांगायला नको. १९९३ आणि २०१३ असे दोन कायदे होऊनही तो उतरतोच आहे. म्हणजे जुन्या व्यवस्थेने आपल्याला घाण वाहायला लावली, नव्या व्यवस्थेने ती नदीत सोडली आणि तुंबलेलं काढायला पुन्हा आपल्यालाच बोलावलं.

पाण्यात नायट्रोजन-फॉस्फरस वाढला की काय होतं? जे पिकाला होतं तेच. शेवाळ आणि जलपर्णी माजते, पाणी हिरवंगार दिसतं. ते शेवाळ मरून कुजताना पाण्यातला प्राणवायू संपवतं आणि मासे मरतात. म्हणजे खताने तलाव पिकतो आणि पिकूनच मरतो. शहरात सलीम अली सरोवरावर पसरलेली जलपर्णी अनेकांनी पाहिली असेल. ती रोग नाही, रोगाची खूण आहे. ती काढण्याचं कंत्राट निघतं, पण तिला पोसणाऱ्या नाल्याला कुणी हात लावत नाही.

आता इतिहासाकडे या. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. तळं सार्वजनिक होतं. कायदेमंडळात बोले यांचा ठराव १९२३ मध्येच मंजूर झालेला होता. तरीही सनातन्यांनी तळं 'बाटलं' म्हणून त्याची शुद्धी केली. कशाने? शेण, गोमूत्र, दूध, दही कालवलेल्या १०८ घागरींनी! माणसाच्या ओंजळीने पाणी घाण होतं आणि शेण-मुताने शुद्ध होतं, हे यांचं जलविज्ञान. १०८ घागरींनी तळं हिरवं होत नाही, हे मान्य. पण त्या दिवशी तळ्यात नायट्रोजनची भर घातली ती कुणी, एवढं रसायनशास्त्राच्या हिशेबाने नोंदवून ठेवायला हरकत नाही. तळं सर्वांचं आहे हे उच्च न्यायालयाकडून ऐकायला १९३७ साल उजाडावं लागलं.

आपल्याच जिल्ह्यातला प्रसंग १९३४ चा. दौलताबादच्या किल्ल्यावर बाबासाहेब आणि त्यांचे सहकारी प्रवासाच्या धुळीने माखून पोचले. दाराजवळच्या हौदावर त्यांनी तोंड-हातपाय धुतले, आणि एक वृद्ध मुसलमान 'हौद बाटवला' म्हणून ओरडत आला. शेवटी पाण्याला शिवायचं नाही या अटीवर, सोबत हत्यारबंद शिपाई देऊन, त्यांना किल्ला पाहू दिला. 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये बाबासाहेबांनी हे स्वतः लिहून ठेवलं आहे. पाण्यावर पहारा ठेवायची ताकद या समाजात नव्हती असं कुणी म्हणू नये. पहारा होता, कडक होता. तो माणसावर होता, घाणीवर नव्हता.

घाणीवर आजही नाही. देवगाव रंगारी शिवनेच्या खोऱ्यातलं गाव. शिवना गोदावरीला मिळते आणि गोदावरी पैठणच्या नाथसागरात येते. लालबहादूर शास्त्रींनी १९६५ मध्ये पायाभरणी केलेलं आणि १९७६ मध्ये पूर्ण झालेलं हे जायकवाडी धरण सुमारे १०२ टीएमसीचं. १९८६ पासून तिथे पक्षी अभयारण्य आहे. संभाजीनगर शहर तेच पाणी पितं. त्यात वरून नाशिकचं सांडपाणी येतं, नगरच्या ऊसपट्ट्यातलं खत येतं, शहरातून खाम नदी येते आणि आपल्या खोऱ्यातल्या कापूस, मका, अद्रकीच्या शेतांचं पाणीही येतं.

युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत सुमारे २१ किलो नायट्रोजन असतो. २०१० मध्ये स्फुरद-पालाशच्या किमती मोकळ्या झाल्या, युरिया मात्र स्वस्त ठेवला गेला. साहजिकच शेतकरी युरिया जास्त टाकतो. पिकाने न घेतलेला पावसाबरोबर नदीत जातो किंवा झिरपून विहिरीत उतरतो. मी शेतकऱ्याला गुन्हेगार ठरवत नाही. पण १९५९ आणि १९६४ मध्ये दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली ज्या भूमिहीनांनी जमिनीसाठी तुरुंग भरले, त्यांच्या नातवंडांच्या नावावर आजही फारशी जमीन नाही. त्यांनी युरियाची एक गोणी टाकली नाही, तरी हातपंपातून नायट्रेट तेच पितात.

यावर उपाय नाही असं नाही. महात्मा फुल्यांनी १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये सांगितलं होतं की सरकारने पलटणी आणि पोलीस कामाला लावून ताली-बंधारे घालावेत, म्हणजे पावसाचं पाणी आधी शेतात मुरेल आणि मग ओढ्याला जाईल. शेताचं सत्त्व शेतात राहतं आणि नदी वाचते, ते याच मार्गाने. अमेरिका-कॅनडाने एरी सरोवरासाठी १९७२ मध्ये करार करून सांडपाण्यातला फॉस्फरस कमी केला, सरोवर सुधारलं. पण शेतातून येणारा फॉस्फरस आवरला नाही, आणि २०१४ च्या ऑगस्टमध्ये टोलेडो शहरातल्या सुमारे पाच लाख लोकांना विषारी शेवाळामुळे नळाचं पाणी पिऊ नका असं सांगावं लागलं. नळ आणि शेत, दोन्हीकडे बघावं लागतं.

आपल्याकडे नळाकडेही नीट बघितलं जात नाही. सांडपाणी शुद्धीकरणाच्या २०१५ च्या मसुद्यात नायट्रोजनला मर्यादा होती. २०१७ च्या अधिसूचनेत नायट्रोजनही नाही, फॉस्फरसही नाही. २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाला ते पुन्हा आणायला सांगावं लागलं. मधल्या काळात शुद्धीकरण केंद्रातून 'शुद्ध' म्हणून बाहेर पडलेलं पाणीही तलाव हिरवा करू शकत होतं. १०८ घागरींची शुद्धी आणि ही शुद्धी, फरक तुम्हीच शोधा.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ मजूरमंत्री होते, सिंचन आणि वीज त्यांच्याकडे होती. दामोदर खोऱ्याच्या वेळी त्यांनी आग्रह धरला तो नदीचं अख्खं खोरं एकक मानण्याचा, प्रांताप्रांताने तुकडे न पाडण्याचा. १९५६ चा नदी मंडळ कायदा झाला, पण त्याखाली एकही मंडळ उभं राहिलं नाही. आपण जयंतीला त्यांना 'जलनीतीचे शिल्पकार' म्हणतो आणि डीजेच्या आवाजात तेवढ्यावर सोडून देतो.

पुढच्या ग्रामसभेला जाल तेव्हा बॅनर नका नेऊ, एक प्रश्न न्या. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. आपल्या वस्तीच्या हातपंपाचा आकडा किती, शेवटची तपासणी कधी झाली, आणि गावातल्या बाकीच्या विहिरींचा आकडा किती? तिन्ही उत्तरं लेखी मागा.