फाडलेलीं खतें
सातारा व सांगली प्रांतांतील कर्जबाजारी गृहस्थ, त्यांचे सल्लागार व त्यांचे कागद

एखाद्या जुन्या घराण्याचा रुमाल संशोधकाच्या हातीं आला म्हणजे प्रथम सनदा निवडल्या जातात, मग राजकीय पत्रें, मग महजर व वंशावळी. शेवटीं कर्जरोखे, गहाणखतें, जामीनकतबे, हप्तेबंदीच्या यादी व फारखती यांचा जो ढीग उरतो, त्यास ‘किरकोळ देवघेव’ अशी चिठी लागते, व पुढें त्याची वाट वाळवीच्या घरीं. आमचें म्हणणें असें कीं, कर्जांत बुडालेला गृहस्थ कोणाचा सल्ला घेई, सावकाराशीं तोडजोड कशी करी, आणि हें सर्व होऊन त्याच्या चुलीवर काय उरे, या प्रश्नांचें उत्तर ह्याच ढिगांत आहे. मात्र हे कागद वाचतांना एक सावधगिरी बाळगावी लागते, आणि ती आजवर बाळगली गेलेली नाहीं.

ती सावधगिरी याज्ञवल्क्यानेंच सुचविली आहे. व्यवहाराध्यायाच्या लेख्यप्रकरणांत तो सांगतो कीं, ऋणकोनें जसजसें द्रव्य द्यावें तसतसें तें लेखाच्या पाठीवर नमूद करावें. सर्व ऋण फिटल्यावर मूळ लेख फाडून टाकावा, अथवा शुद्धीसाठीं दुसरा लेख करून घ्यावा. आमच्या प्रांतांतील पाठीवरचा भरणा, फाडून परत केलेलें खत व फारखत या तीनहि चालींचें मूळ या दोन वचनांत स्पष्ट दिसतें. आतां यांतून निघणारा सिद्धांत पाहा. जें कर्ज फिटलें त्याचें खत नाहींसें झालें; जें फिटलें नाहीं त्याचें खत सावकाराच्या पेटींत जपून राहिलें. म्हणजे आपल्या दफ्तरांत बुडालेल्यांची नोंद आहे, तरून गेलेल्यांची बहुधा नाहीं. केवळ शिल्लक राहिलेल्या खतांवरून जो एखाद्या पिढीचें दिवाळें मोजूं पाहील, तो स्मशानांत उभा राहून गांवची लोकसंख्या मोजणारा होय.

धर्मशास्त्रानें कर्जबाजाऱ्याच्या घराची व्यवस्था बरीच बारकाईनें लाविली आहे. व्याज सांठून एकरकमी मागावयाचें तर मुद्दलाच्या दुपटीपलीकडे जाऊं नये, हा दामदुपटीचा नियम मनूचा. क्षीण झालेल्या ब्राह्मणाकडून उत्पन्न येईल तसतसें हळूहळू घ्यावें, हें याज्ञवल्क्याचें मत. हप्तेबंदीचें बीज तें हेंच. नवऱ्याचें किंवा मुलाचें ऋण स्त्रीनें फेडण्याचें कारण नाहीं, तें कुटुंबासाठीं काढलेलें असेल तर गोष्ट वेगळी. पित्याचें ऋण पुत्रानें व्याजासुद्धां द्यावें, पौत्रानें मुद्दल तेवढें द्यावें, प्रपौत्रावर बोजा नाहीं. आणि मद्य, द्यूत, काम यांपायीं केलेलें ऋण पुत्रावरहि नाहीं. शास्त्र झालें. व्यवहारांत सल्ला देणारा मनुष्य शास्त्री असेच असें नाहीं. पुष्कळदां तो स्वतःच सावकार असे.

याचें ठळक उदाहरण साताऱ्याजवळच्या धावडशीचें. १७२७ सालीं सिद्दी सातानें परशुरामक्षेत्र लुटल्यानंतर ब्रह्मेंद्रस्वामी कोंकण सोडून घाटावर आले व धावडशीस राहिले. तेथेंच १७४५ सालीं त्यांनीं समाधि घेतली. पारसनीस यांनीं १९०० सालीं त्यांचें चरित्र छापिलें, आणि राजवाड्यांच्या साधनांच्या तिसऱ्या खंडांत त्यांचा पत्रव्यवहार आला. थोरल्या बाजीरावांनीं स्वामींस लिहिलेल्या पत्रांत कर्जाचा विषय वारंवार येतो. सावकारांच्या व शिलेदारांच्या पायां पडतां पडतां कपाळाची कातडी झिजली, या अर्थाची त्यांची कळवळ प्रसिद्धच आहे. राजवाड्यांनीं स्वामींचें राजकीय गुरुत्व अमान्य केलें, तें बव्हंशीं योग्यच. परंतु स्वामी व्याजानें पैसे लावीत म्हणून त्यांस नुसते लोभी ठरविणें आम्हांस पटत नाहीं. ज्याच्याकडे शिष्यानें आपल्या देण्याची लाज न बाळगतां कबुली द्यावी असा दुसरा मनुष्य बाजीरावांस त्या काळीं कितीसा होता? मात्र सल्लागार आणि धनको एकच असला म्हणजे सल्ल्यास धार राहत नाहीं, हेंहि तितकेंच खरें. शिष्याचें देणें कमी करण्याची युक्ति सांगणें म्हणजे स्वतःच्याच येण्यावर पाणी सोडणें होय.

बाजीरावांचा अंत २८ एप्रिल १७४० रोजीं नर्मदातीरीं रावेरखेडीस झाला. कर्ज विशीच्या आंतबाहेर असलेल्या नानासाहेबांवर आलें. धनकोंमध्यें बारामतीचे बाबूजी नाईक जोशी अग्रगण्य होते, आणि ते परके नव्हते. बाजीरावांची बहीण भिऊबाई बाबूजींचे बंधु आबाजी नाईक यांस दिलेली होती. रघुजी भोसले यांनीं पेशवाई बाबूजींस मिळावी म्हणून साताऱ्यास खटपट केली. शाहू महाराजांनीं तें ऐकलें नाहीं व २५ जून १७४० रोजीं वस्त्रें नानासाहेबांसच दिलीं. तेव्हां बाबूजींनीं कर्जाचा तगादा लाविला. पद मिळालें नाहीं तर पैसा परत द्या, असा तो न्याय! ग्रँट डफ लिहितो कीं, या तगाद्यांतून पेशव्यांची सुटका त्यांचे दिवाण महादोबा पुरंदरे यांच्या वजनानें व पतीनें झाली.

येथें वाचकांनीं क्षणभर थांबावें. पुरंदऱ्यांनीं स्वामींप्रमाणें नवें कर्ज देऊन जुन्या शिष्यास अधिक बांधलें नाहीं, कीं शास्त्रवचनें ऐकविलीं नाहींत. त्यांनीं मध्यें आपली पत घातली. तगादा करणारा आप्त, आणि ज्यास तगादा लागला तो साऱ्या राज्याचा मुख्य प्रधान. अशा वेळीं दोघांनाहि तोंड दाखवितां येईल असा तिसरा मनुष्य लागतो. सामान्य घरांतील जामीनदार हेंच काम करीत असे. म्हणून आमच्या मतें कर्जाच्या कागदांत खताहून जामीनकतबा अधिक बोलका असतो. कोणाच्या शब्दावर घर तगलें तें त्यांत कळतें.

पुढील पेशव्यांच्या कर्जाचे आंकडे न्या. रानडे यांनीं पेशव्यांच्या रोजनिशीवरील आपल्या प्रस्तावनेंत दिले आहेत. नानासाहेबांच्या वीस वर्षांत, १७४० ते १७६० पर्यंत, सुमारें दीड कोट रुपये, व्याज दरसाल शेंकडा १२ ते १८. थोरल्या माधवरावांच्या वेळीं २४ लाख. नाना फडणिसांच्या कारभारांत अवघे ८ लाख. आणि दुसऱ्या बाजीरावांस तर कर्जच नव्हतें, उलट त्यांनीं खासगी ऐवज पुष्कळ सांठविला. ज्यांनीं राज्य वाढविलें ते कर्जबाजारी आणि ज्यानें घालविलें तो सावकार, हा योगायोग गमतीचा खरा. परंतु कर्जावरून कर्तृत्व मोजूं नये, एवढाच त्याचा बोध घ्यावा. रानड्यांचे आंकडे खतांवरून नव्हे, सरकारी जमाखर्चावरून काढलेले आहेत, म्हणूनच ते विश्वसनीय. रोजकीर्द फाडली जात नसे.

सामान्य रयतेचा प्रकार एल्फिन्स्टनच्या १८१९ च्या अहवालांत सांपडतो. तगाद्याचे प्रकार कठोर होते: दारांत माणूस बसविणें, ऋणकोस घराबाहेर पडूं न देणें, उन्हांत उभें करणें, आणि ऋणको मोठा असेल तर धनकोनेंच त्याच्या उंबऱ्यावर उपाशी धरणें धरून बसणें. परंतु पंचायतीचा निवाडा होऊन देण्याची वेळ आली म्हणजे ऋणकोची ऐपत पाहिली जाई, हप्ते बांधून दिले जात, व राहतें घर सहसा विकलें जात नसे. दारांत छळ आणि पंचांपुढें दया, अशी ती विलक्षण जोडी होती. ‘दिवाळें’ या शब्दाचा संबंध कोणी पेढीवर भरदिवसा दिवा लावण्याच्या चालीशीं जोडतात. ती व्युत्पत्ति कशीहि असो, त्या कल्पनेंत एक मर्म आहे. ज्याचें देणें चवाठ्यावर मांडलें गेलें त्यास पंच भेटतात. जो झांकून ठेवतो त्यास फक्त तगादेदार भेटतो.

आतां सांगलीकडे वळूं. पटवर्धनी दफ्तराचें ऋण महाराष्ट्रावर केवढें आहे तें मिरजेच्या वासुदेवशास्त्री खरे यांच्या ऐतिहासिक लेखसंग्रहाच्या वाचकांस सांगणें नको. लष्कराचा रोजमुरा तुंबला, सावकाराकडून ऐवज उभा करावा, हा त्यांतील नित्याचा सूर. परंतु आम्हांस येथें सांगावयाची ती गोष्ट सरदाराची नव्हे, एका आश्रिताची. चिंतामणराव आप्पासाहेबांच्या आज्ञेवरून विष्णुदास भावे यांनीं १८४३ सालीं सांगलीस ‘सीतास्वयंवर’ केलें, हें सर्वश्रुत आहे. १८५१ सालीं आप्पासाहेब वारले, आणि मागील कारभारांत तो आश्रय चालला नाहीं. नाटकमंडळीच्या पायीं झालेलें कर्ज भाव्यांच्या अंगावर राहिलें. तेव्हां मंडळी घेऊन ते गांवोगांव निघाले. १८५३ सालीं मुंबईस त्यांचे खेळ पैसे घेऊन झाले. मराठी रंगभूमीच्या धंद्याचा आरंभ शोधणारे या प्रवासाचें वर्णन मोठ्या कौतुकानें करतात. त्यामागें कर्जफेडीची विवंचना होती, ही गोष्ट एका वाक्यांत उरकली जाते. राजाश्रय ही वस्तु धन्याच्या श्वासाबरोबर संपणारी. सावकाराच्या खताला वारस असतात, धन्याच्या शब्दाला असतीलच असें नाहीं. भाव्यांनीं घर विकून मोकळें होण्याऐवजीं विद्या विकली, आणि ती विकूनहि त्यांच्यापाशीं राहिली.

इंग्रजी न्यायालयें आल्यावर पंचांची दया गेली व खताचा अक्षरार्थ राहिला. १८७५ च्या मे महिन्यांत सुप्यास दंगा उठला, तेव्हां लोकांचा रोख सावकाराच्या जीवावर नसून मुख्यतः त्याच्या खतांवर होता. त्याच वर्षीं सप्टेंबरांत सातारा जिल्ह्यांतील कोकरूड येथें तोच प्रकार घडला. हें गांव आतां सांगली जिल्ह्याच्या शिराळे तालुक्यांत आहे. खत फाडण्याचा अधिकार कर्ज फेडणाऱ्याचा. तें फेडतां येत नाहीं म्हणून जाळावें, ही त्या अधिकाराची विकृति होय. दफ्तरांत पडलेलें हें दुसरें भगदाड, आणि संशोधकानें हेंहि हिशेबांत धरलें पाहिजे.

या दंग्यांतून १८७९ चा दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा निघाला. तो पुणें, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांस त्या वर्षाच्या १ नोव्हेंबरपासून लागू झाला. न्यायाधीशानें खताच्या मागें जाऊन आरंभापासूनचा हिशेब पाहावा, हप्ते बांधावे, शेतकऱ्यास कर्जासाठीं कैदेंत टाकूं नये, खास गहाण नसलेली त्याची जमीन जप्त करूं नये, पन्नास रुपयांवर देणें असल्यास त्यास नादारीचा अर्ज करतां यावा, धनकोनें लेखी पावती द्यावी, दाव्यापूर्वीं तडजोड करणाऱ्या अधिकाऱ्यापुढें जावें. अशीं त्यांतील कलमें वाचतांना याज्ञवल्क्याचें व्यवहारप्रकरण पुन्हा उघडल्याचा भास होतो. रानडे यांनीं या कायद्याखालीं खास न्यायाधीश म्हणून काम केलें. येथें प्रांतरचनेची एक मौज आहे. तासगांव १८४८ सालीं खालसा झालेलें, म्हणून सातारा जिल्ह्यांत. शेजारची सांगली संस्थानची, म्हणून ब्रिटिश कायद्याच्या आपोआप कक्षेंत नाहीं. एकाच सावकाराचीं कुळें हद्दीच्या दोन्ही बाजूंस असलीं तर एकाचा हिशेब मुळापासून उकलला जाई व दुसऱ्यास तो हक्क सांगतां येत नसे. अशा सावकाराच्या खतावण्या जर कोणाच्या संग्रहीं असतील, तर दोन्ही बाजूंच्या कुळांचीं खातीं शेजारीं शेजारीं मांडून पाहण्यासारखीं आहेत.

पुत्रावरील ऋणाचा शास्त्रीय बोजाहि आतां उरलेला नाहीं. हिंदु वारसा कायद्यांत २००५ सालीं जी दुरुस्ति झाली, तिनें केवळ पुत्रधर्म म्हणून पित्याचें, पितामहाचें वा प्रपितामहाचें त्यानंतरचें कर्ज पुत्रपौत्रांकडून वसूल करण्याचा मार्ग बंद केला. नानासाहेबांवर जें ओझें १७४० सालीं आलें, तें शास्त्रानें अशा रीतीनें खालीं ठेवण्यास पावणेतीनशें वर्षांच्या आसपास काळ लोटावा लागला. पित्याची मालमत्ता घेणारानें त्या मालमत्तेपुरतें देणें द्यावें, हें मात्र कायम.

संग्राहकांस आमची विनंति इतकीच. रुमालांत वरची कड फाटलेलें खत मिळालें तर तें जीर्ण म्हणून टाकूं नये, व फाटलेली कड चिकटवूंहि नये. ती कशी फाटली आहे त्याची नोंद यादींत करावी, कारण तेंच कर्ज फिटल्याचें चिन्ह असूं शकतें. खताची पाठ अवश्य वाचावी, आणि नक्कल करतांना पाठीवरचे भरणे तारखांसह उतरावे. फारखत व जामीनकतबा मूळ खतापासून वेगळे करूं नयेत. एका घरचे कर्जाचे कागद एकाच बंदांत, ज्या क्रमानें मिळाले त्याच क्रमानें ठेवावे. धावडशी, वाई, तासगांव, मिरज, सांगली या भागांतील ज्या घराण्यांकडे असे बंद असतील त्यांनीं निदान त्यांची यादी तरी करून ठेवावी. छापण्याचा प्रश्न मागाहून.