वाळवंटांतील नगारे

वाळवंट म्हटलें कीं निर्जन आणि निःशब्द प्रदेश आपल्या डोळ्यांपुढें उभा राहतो. परंतु तेराशेंहून अधिक वर्षें प्रवासी याच्या अगदीं उलट साक्ष देत आले आहेत. दूरवर मनुष्यवस्ती नसतां वाळूंतून गंभीर घोष उठतो, असें ते सांगतात. या साक्षीची पारख कशी होत गेली, तें आज आपणांपुढें थोडक्यांत मांडावयाचें आहे.

सातव्या शतकांत महाराष्ट्रांतही येऊन गेलेला चिनी यात्रेकरू ह्युएनत्संग मायदेशीं परततांना मध्य आशियांतील वाळूचा प्रदेश ओलांडून गेला. तेथें कधीं गाणें व शीळ, तर कधीं आक्रोश कानीं पडतो. त्यामुळें भांबावून वाटसरू वाट चुकतात आणि प्राणांस मुकतात, असें त्यानें लिहून ठेविलें. हें कृत्य भुतांचें, असा त्याचा निर्वाळा होता. तेराव्या शतकांत मार्को पोलोनें लोपच्या वाळवंटाविषयीं तेंच सांगितलें. तेथें पिशाच्चें प्रवाशाला नांवानें हांक मारतात आणि वाद्यें, विशेषतः नगारे, ऐकूं येतात. बाबरानेंही आपल्या आत्मचरित्रांत काबूलकडील ‘रेग-इ-रवान’ या वाळूच्या टेकडीचा उल्लेख केला आहे. उन्हाळ्यांत तींतून ढोल-नगाऱ्यांचा आवाज निघतो, असें लोक म्हणत. सिनाई प्रांतांतील लोकांची समजूत निराळी होती. वाळूखालीं एक मठ गडप झाला असून त्यांतील प्रार्थनेची लाकडी पट्टी वाजते, असें ते मानीत.

श्रोतेहो, येथें इतिहासाच्या अभ्यासकानें क्षणभर थांबावें. या साक्षीदारांचे देश निराळे, धर्म निराळे, काळही निराळे. कारण मात्र प्रत्येकानें आपापल्या समजुतीप्रमाणें दिलें. तरीही ऐकलेल्या ध्वनीचें वर्णन पुष्कळ अंशीं जुळतें. दिलेलें कारण खोटें ठरलें, म्हणून ऐकणेंही खोटें ठरत नाहीं.

या विषयाला नवें वळण मिळालें तें एका साध्या नोंदीनें. इ. स. १८३५ मध्यें चार्ल्स डार्विन चिली देशांतील कोपियापो गांवीं असतां तेथील रहिवाशांनीं त्याला जवळच्या एका टेकडीची हकीकत सांगितली. तिचें नांव ‘एल ब्रामादोर’, म्हणजे हंबरणारा. डार्विननें नेमका मुद्दा टिपला: माणसें चढूं लागून वाळू हलली, तरच तेथें आवाज होतो. सिनाईच्या बाबतींतही प्रवाशांनीं हेंच कारण दिल्याचें त्यानें नमूद केलें. ‘वाजवितो कोण?’ हा प्रश्न मागें पडून ‘वाळू घसरतांना घडतें काय?’ हा प्रश्न पुढें आला. आपले माजी व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन यांनीही या वाळूविषयीं विस्तृत निबंध लिहिला. तो १९२३ सालीं प्रसिद्ध झाला.

पुढें राल्फ बॅग्नोल्ड या ब्रिटिश सेनाधिकाऱ्यानें ईजिप्तच्या नैर्ऋत्येकडील वाळवंटांत हा घोष स्वतः ऐकला. जवळची वस्ती तीनशें मैलांवर, रात्र निवांत, आणि एकाएकीं असा निनाद सुरू झाला कीं सोबत्याशीं बोलण्यासाठीं त्याला ओरडावें लागलें. पांच मिनिटांहून अधिक काळ तो चालला. वाळूच्या हालचालीवरील बॅग्नोल्डचा ग्रंथ १९४१ सालीं निघाला आणि त्यांत त्यानें हा अनुभव दिला आहे.

आतां कारण पाहूं. वाऱ्यानें टेकडीच्या माथ्यावर वाळू सांचत जाते. उतार सुमारें चौतीस अंशांवर गेला कीं वरचा पातळ थर आपोआप घसरूं लागतो. म्हणूनच कोणी जवळ नसतांही आवाज होऊं शकतो. घसरणारा प्रत्येक कण खालच्या कणांवरून उसळत पुढें जातो. शाळेंतील लेझीम आठवा. प्रत्येकजण वेगळ्या वेळीं हात हलवील तर नुसता गोंगाट. सर्वांचा हात एकदम पडला कीं एकच ठेका. लक्षावधि कण एका ठेक्यावर उसळूं लागले म्हणजे थराचा पृष्ठभाग नगाऱ्याच्या कातड्यासारखा कांपतो आणि खर्जांतील स्वर निघतो. मात्र कण कोरडे, गुळगुळीत, गोलसर आणि जवळजवळ एकाच आकाराचे हवेत. ओलावा शिरला कीं वाळू मुकी होते.

हा स्वर ठरवितें कोण, यावर मात्र विद्वानांत चुरस लागली. २००७ सालीं कॅलिफोर्नियांतील संशोधकांनीं मत मांडलें कीं टेकडीच्या वरचा कोरडा थर बांसरीच्या नळीप्रमाणें काम करतो आणि त्याच्या जाडीवर स्वर अवलंबून असतो. फ्रेंच संशोधकांस तें पटलें नाहीं. त्यांनीं मोरोक्को व ओमान येथील वाळू पारखली आणि २०१२ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केले. मोरोक्कोच्या वाळूचे कण ०.१५ ते ०.१७ मिलिमीटर, जवळजवळ सारखे. तिचा स्वर सेकंदास सुमारें १०५ कंपनांचा. ओमानच्या वाळूचे कण ०.१५ ते ०.३१ मिलिमीटर, लहानमोठे मिसळलेले. म्हणून तिच्या घोषांत ९० ते १५० कंपनांचे अनेक स्वर एकत्र येत. ती वाळू प्रयोगशाळेंत आणून चाळली आणि ०.२० ते ०.२५ मिलिमीटरचेच कण वेगळे काढले, तेव्हां त्या घसरत्या वाळूनें सुमारें ९० कंपनांचा स्पष्ट स्वर दिला. टेकडी नव्हती, तरी गाणें होतेंच!

यावरून स्वराचें नातें कणांच्या आकाराशीं आहे, हें दिसून आलें. पण एवढे कण परस्परांशीं ठेका जुळवितात कसे, याचा संपूर्ण उलगडा अद्याप व्हावयाचा आहे.

जुन्या ग्रंथांतील अशा गोष्टी वाचून कोणी त्या जशाच्या तशा मानतात, तर कोणी थापा म्हणून पान उलटतात. दोघेही शोधाचें दार लावून घेतात. डार्विननें दोन्ही टाळलें. गांवकऱ्यांचें बोलणें त्यानें नीट ऐकून घेतलें आणि त्यांतील ‘केव्हां’ व ‘कशानें’ तेवढें उचललें. वाळवंटांतील पिशाच्चें त्या दोन शब्दांनीं पळालीं. नगारे मात्र अजून वाजतच आहेत.