बहार आणि मैफल

आमच्या बोरगाव-सौंसर परिसरात वर्षाचा हिशेब पंचांगाइतकाच संत्र्याच्या बागांवरून होतो. आंबिया बहाराची फुले हिवाळा सरताना येतात, मृगाची पाऊस सुरू होताना. 'बहार' हा शब्द बागेइतकाच संगीताचाही आहे. वसंतात गायच्या एका रागाचे ते नाव. पण संगीत ऐकायचे म्हटले की आमची पावले नागपूरकडे वळतात. लहान गावाने कलेची वाट पाहावी आणि मोठ्या शहराने ती पुरवावी, ही समजूत आमच्या अंगवळणी पडली आहे. तिला छेद देणारे उदाहरण आमच्याच राज्यात, नर्मदेपलीकडे माळव्यात आहे, ते देवासचे.

पाश्चात्त्य देशांत मोजक्या वादकांनी दिवाणखान्यात वाजवायच्या संगीताची जुनी परंपरा आहे आणि अशा कार्यक्रमांचे हंगामही आखले जातात. त्याच्या सर्वांत जवळची आपली गोष्ट म्हणजे बैठकीची मैफल. गायक, साथीदार आणि हाताच्या अंतरावर बसलेले श्रोते, एवढाच तिचा पसारा. पूर्वी तिला संस्थानांचा आश्रय असे. देवास तर थोरली पाती आणि धाकटी पाती अशी पवार घराण्याची दोन संस्थाने असलेले गाव. उस्ताद रजब अली खाँ यांच्यासारखा गवई तेथे राहत होता, आणि कवी भा. रा. तांबे यांच्या मराठी कवितेचेही या गावाशी नाते होते.

१९४८ साली ही संस्थाने मध्यभारतात विलीन झाली आणि दरबारी आश्रयाचा काळ संपला. त्याच वर्षाच्या आरंभी कुमार गंधर्व देवासला राहावयास आले. बेळगावजवळच्या सुळेभावीत १९२४ साली जन्मलेला आणि मुंबईत प्रा. बी. आर. देवधरांकडे शिकलेला हा तरुण गायक तेव्हा क्षयाने ग्रासलेला होता. गाणे बंद झाले होते. काही वर्षे त्यांच्या वाट्याला केवळ ऐकणे आले. अंथरुणावरून कानी पडणारी माळव्यातील लोकगीते ते मनात साठवीत गेले. १९५३ च्या सुमारास ते पुन्हा मैफलीत गाऊ लागले, तेव्हा त्यांच्या गाण्यात या ऐकण्याची भर पडली होती. लगनगंधार, संजारी, मालवती यांसारखे राग त्यांनी लोकधुनांतून घडविले आणि त्यांना 'धुनउगम राग' म्हटले. १९६५ साली 'अनूपरागविलास'चा पहिला भाग निघाला. पुढे 'गीतवर्षा', 'गीतहेमंत', 'गीतवसंत' असे ऋतूंवर बेतलेले कार्यक्रम त्यांनी सादर केले. त्यांत एकाच ऋतूचे राग, बंदिशी आणि लोकगीते एका सूत्रात ओवलेली असत.

आमच्या मते देवासच्या या कथेचे मर्म येथे आहे. अन्यत्र संगीताचा हंगाम म्हणजे कार्यक्रमांचे वेळापत्रक. कुमारांच्या कार्यक्रमांत ऋतू हाच गाण्याचा विषय झाला. शेत, पाऊस आणि होळी जेथे दाराशी येतात, तेथे राहूनच त्यांनी हे ऐकले आणि मग ते मोठ्या शहरांच्या श्रोत्यांपुढे ठेवले. गाव येथे केवळ घेणारे राहिले नाही, ते देणारे ठरले.

असामान्य प्रतिभा प्रत्येक गावाच्या वाट्याला येत नाही, हे आम्ही जाणतो. देवासच्या मागे संस्थानी संगीताची पिढ्यांची पूर्वपीठिका होती. आमच्या भागाला ती नाही. १९५६ च्या प्रांतरचनेत विदर्भाचे जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्ह्याबरोबर आम्ही मराठी माणसे मध्य प्रदेशात राहिलो. २०२३ साली पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला, तरी मराठीची बैठक आम्हांलाच मांडावी लागते. मात्र ऐकण्यास संस्थान लागत नाही.

१२ जानेवारी १९९२ रोजी कुमार गंधर्व देवासलाच निवर्तले. वसुंधराताई २०१५ साली गेल्या. कन्या कलापिनी आणि नातू भुवनेश यांनी ते गाणे पुढे चालविले. जाणारे गेले, पण एका लहान गावाच्या कानांनी टिपलेले स्वर मागे राहिले. आमच्याकडेही जात्यावरच्या ओव्या आहेत, भजनी मंडळे आहेत. मृगाचा बहार धरताना एका ओसरीवर वीस-पंचवीस माणसांनी त्या मनापासून ऐकल्या, तर आमच्याही हंगामाचा आरंभ होईल. आमच्या ओव्या आम्हीच ऐकल्या नाहीत, तर त्या नागपूरला जाऊन ऐकावयास मिळणार नाहीत.