एक स्प्रिंग, एक वजन आणि यवतमाळची जीप

जुनी पेट्रोल जीप कुठे उभी दिसली, तर मालकाला बॉनेट उघडायला सांगा आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या बाजूला बघा. घड्याळातल्या स्प्रिंगसारखी गुंडाळलेली एक पट्टी आणि तिच्याजवळ छोटं वजन दिसतंय का? बऱ्याचदा दिसत नाही. कुणीतरी कधीतरी ते काढून फेकलेलं असतं, नाहीतर वेल्डिंग मारून कायमचं गप्प केलेलं असतं.

हा हीट कंट्रोल व्हॉल्व. काहीजण हीट रायझर म्हणतात. आज त्याच्याबद्दलच बोलू.

इंजिन गरम व्हायला हवं म्हटलं की आपल्याला लोखंड आठवतं, ऑइल आठवतं. पण कार्बोरेटरच्या गाडीत पहिली अडचण पेट्रोलची असते. पेट्रोल थेंबांच्या रूपात जळत नाही, त्याची वाफ व्हावी लागते. थंड सकाळी कार्बोरेटरमधून निघालेलं पेट्रोल इनटेक मॅनिफोल्डच्या गार भिंतीला चिकटून बसतं आणि सिलिंडरपर्यंत नुसतीच हवा जास्त जाते. मग आपण चोक ओढतो, म्हणजे पेट्रोलच जास्त सोडतो. गाडी चालू होते खरी, पण न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन काढतं आणि खाली ऑइलमध्ये मिसळतं. चोक जितका वेळ ओढलेला, तितकी इंजिनाची झीज.

यावर उपाय काय, तर फुकट जाणारी उष्णता वापरायची. एक्झॉस्टचा धूर चालू केल्याबरोबर तापतो, पाण्याला मात्र वेळ लागतो. म्हणून एक्झॉस्टच्या वाटेत एक चकती बसवली. इंजिन गार असताना स्प्रिंग तिला अशी धरून ठेवते की गरम धूर वर वळतो, इनटेक मॅनिफोल्डचा तळ तापवतो आणि मगच सायलेन्सरकडे जातो. ही स्प्रिंग दोन वेगळ्या धातूंच्या पट्ट्या जोडून केलेली असते. तापली की तिचा ताण ढिला पडतो, वजन चकतीला फिरवतं आणि धूर सरळ बाहेर. ना वायर, ना सेन्सर. मला तरी हे आजच्या ईसीयूपेक्षा जास्त भारी वाटतं.

आता हे आपल्याकडे कसं आलं? विलीज कंपनी अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, टोलेडो शहरात. तिथला हिवाळा म्हणजे बर्फ. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपमध्ये ‘गो-डेव्हिल’ नावाचं २.२ लिटरचं, ६० हॉर्सपॉवरचं इंजिन होतं आणि त्यावर हा व्हॉल्व होता. युद्धानंतर लष्कराच्या डिस्पोजलच्या जीप भारतात लिलावात निघाल्या. १९४५ मध्ये सुरू झालेली महिंद्रा अँड मोहम्मद कंपनी १९४८ मध्ये महिंद्रा अँड महिंद्रा झाली आणि त्याच काळात मुंबईत माझगावला जीपची जुळणी सुरू झाली. अमेरिकेतून सुटे भाग यायचे, त्यांच्याबरोबर ओहायोचा हिवाळाही पेटीत बंद होऊन यायचा म्हणा ना.

आणि ही गाडी चालणार कुठे? यवतमाळसारख्या जिल्ह्यात. तेव्हा तो मध्य प्रांत आणि वऱ्हाडात होता. कापसाचा मुलूख, काळी माती, कच्चे रस्ते. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पारा दहा अंशांच्या आसपास येतो, म्हणजे व्हॉल्वला काम आहे, पण जेमतेम काही मिनिटांचं. मे महिन्यात पंचेचाळीसच्या घरातलं ऊन. खरी गंमत इथेच बिघडते. चकतीच्या दांड्यावर गंज आणि काजळी बसली की ती जाम होते. ‘गरम’ बाजूला जाम झाली तर भर उन्हाळ्यात धूर इनटेकला भाजतच राहतो. पॉवर पडते, कार्बोरेटर तापतो, पेट्रोल उकळतं आणि गाडी रस्त्यात बंद. मग फ्युएल पंपावर ओलं फडकं टाकून बसायचं. हे दृश्य आपल्या आजोबांना विचारा, ते हसतील.

मिस्त्र्यांनी मग सरळ हिशेब केला. वर्षातले नऊ-दहा महिने ज्याची गरज नाही आणि जो अडकला तर गाडी थांबवतो, तो पार्ट कशाला ठेवायचा? चकती उघडी करायची आणि टाका मारायचा. याला अडाणीपणा म्हणणारे लोक मला पटत नाहीत. ज्या दिवसात सुटा भाग मिळायला मुंबई गाठावी लागायची, त्या दिवसात तो शहाणपणा होता.

विशेष म्हणजे खुद्द विलीजनेही हा व्हॉल्व पुढे सोडून दिला. १९५३ च्या सीजे-३बी मध्ये ‘हरिकेन’ इंजिन आलं. ते उंच होतं म्हणून बॉनेटही उंच झालं; आपली ओळखीची महिंद्रा जीप ती हीच. त्यात इनटेकची वाट सिलिंडर हेडमध्येच ओतलेली आणि भोवती पाणी खेळवलेलं. इंजिनाचं पाणीच पेट्रोलला ऊब देतं, त्यामुळे वेगळा व्हॉल्व लागतच नाही. पुढे कितीतरी जीपमध्ये डिझेल इंजिनं टाकली गेली आणि विषयच संपला.

संपला म्हणजे, आत्तापर्यंत. कारण आता जुन्या गो-डेव्हिल जीप पुन्हा उभ्या करणारी तरुण मंडळी आहेत आणि पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे. इथेनॉलची वाफ करायला पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता लागते. थंड सकाळी तेच इंजिन आता जास्त रुसणार. म्हणून माझं मत असं: टाका मारलेला असेल आणि मॅनिफोल्ड शाबूत असेल, तर तो सोडवून घ्या आणि व्हॉल्व नीट चालता करा. अर्धवट जाम ठेवण्यापेक्षा मात्र उघडा टाकलेला बरा.

तपासायला सोपं आहे. इंजिन पूर्ण गार असताना वजन बोटानं हलवा; ते हललं पाहिजे आणि सोडल्यावर स्प्रिंगनं परत आलं पाहिजे. अडकत असेल तर साधं ऑइल ओतू नका, ते तिथे जळून त्याचाच कार्बन होतो. ग्राफाइट असलेलं वंगण वापरा. आणि वजन मोकळं आहे पण रेस केल्यावर तिथून खडखड ऐकू येतेय, तर दांडा झिजलाय, तो बदलावा लागेल.