पुसलेली फीत आणि पाहणारा

नगर-सोलापूर रस्त्यावरच्या आमच्या मिरजगावात मी १९९२पासून अकरा वर्षं लग्नांचं शूटिंग केलं. खांद्यावर व्हीएचएस कॅमेरा, सोबत हॅलोजनचा दिवा धरणारा एक पोरगा आणि पिशवीत तीन तासांच्या दोन कॅसेटी. लग्नात टिपलेली कॅसेट नगरला मिक्सिंगसाठी जायची. तिथं नावं, गाणी, गुलाबाच्या पाकळ्यांतून उमलणारे नवरा-नवरीचे चेहरे असं सगळं जोडून दीड तासाची ‘फायनल’ तयार व्हायची. मूळ कॅसेटला आम्ही ‘रॉ’ म्हणायचो. ती मी परत आणायचो आणि पुढच्या लग्नाला वापरायचो. कोरी कॅसेट महाग होती, आणि गिऱ्हाईक पैसे द्यायचं ते फायनलचे. रॉला विचारणारं कुणी नव्हतं.

१९९७च्या उन्हाळ्यात एक बाई दुकानात आल्या. त्यांच्या चुलत बहिणीचं लग्न मी दोन वर्षांपूर्वी टिपलं होतं. “भाऊ, त्या लग्नाची पहिली कॅसेट हाय का? मिक्सिंगच्या आधीची?” फायनल त्यांनी पाहिली होती. तिच्यात त्यांचे वडील नव्हते. वडील पंगतीत बुंदी वाढत होते आणि मी तिकडून कॅमेरा फिरवला होता, एवढं त्यांना पक्कं आठवत होतं. वडील त्याच वर्षी फेब्रुवारीत वारले होते. मी फळीवर शोधलं. कॅसेट सापडली. तिच्यावर आता दुसऱ्याच घरची हळद होती.

प्रयोगशील व्हिडिओ कलेवरच्या लेखाची सुरुवात लग्नाच्या कॅसेटीनं झालेली पाहून काही वाचकांच्या कपाळावर आठी पडेल. पण या विषयाकडे मी याच वाटेनं आलो. माझं शिक्षण बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला थांबलं. कलेच्या इतिहासाचं जे काही वाचन झालं ते नगरच्या जिल्हा वाचनालयात, जुन्या बाजारातून आणलेल्या कॅटलॉगांतून आणि पुढे इंटरनेटवर. वाचताना एक प्रश्न सारखा मनात होता. त्या बाईंना हवी असलेली गोष्ट त्या कॅसेटीत होती का? मी तर लग्न टिपलं होतं. वडिलांची गोष्ट टिपावी असं माझ्या मनातही नव्हतं. मग ती गोष्ट कुणी रचली? या लेखात त्या प्रश्नाचा माग काढायचा आहे.

व्हिडिओ कलेचा इतिहास बहुतेक वेळा जर्मनीतल्या वुपर्टाल शहरापासून सांगतात. तिथं मार्च १९६३मध्ये मूळ कोरियाच्या नाम जून पाइक यांनी एका गॅलरीत दूरचित्रवाणीचे संच मांडले. संचांच्या आतली जोडणी त्यांनी अशी बदलली होती, की येणारं चित्र वाकडंतिकडं व्हावं. टीव्ही म्हणजे समोर बसून मुकाट पाहायची वस्तू, ही समजूतच त्यांना मोडायची होती. आपल्याकडे मात्र तेव्हा मोडायला टीव्हीच नव्हता. मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ रोजी. त्यामुळे आपल्या व्हिडिओ कलेची पूर्वपीठिका व्हिडिओत सापडत नाही. ती सिनेमाच्या फितीत सापडते, आणि त्यातही गोष्ट न सांगणाऱ्या फितीत.

अशा फितीचं पहिलं उदाहरण थेट दादासाहेब फाळक्यांपाशी मिळतं. ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशनमध्ये लागला, हे सर्वांना ठाऊक आहे. त्याआधी १९१२मध्ये फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा ठेवला आणि दिवसागणिक थोडी थोडी चित्रं घेत त्याचा वेल होईपर्यंतचा प्रवास टिपला. त्यात पात्रं नाहीत, संवाद नाहीत, संघर्षही नाही. पण कित्येक दिवसांचा काळ मिनिटभरात डोळ्यांसमोरून जातो. ही फीत पाहून भांडवल द्यायला माणूस तयार झाला. अंकुर वाढताना साऱ्यांनाच दिसला असेल. भांडवल देणाऱ्याला मात्र त्यात होऊ घातलेला धंदाही दिसला.

एकेक चौकट सुटी घ्यायची आणि सलग दाखवायची, हे तंत्र पुढे सत्तावन्न वर्षांनी मुंबईतच एका वेगळ्या हेतूनं हाती घेतलं गेलं. चित्रकार अकबर पदमसी यांना १९६९मध्ये जवाहरलाल नेहरू फेलोशिप मिळाली. एरवी चित्रकारानं त्या पैशात दोन वर्षं शांतपणे कॅनव्हास रंगवले असते. पदमसींनी त्यातून ‘व्हिजन एक्सचेंज वर्कशॉप’ उभारलं. चित्रकार, छायाचित्रकार आणि सिनेमावाले यांनी एका छताखाली यावं, एकमेकांची अवजारं हाताळावीत, अशी ती जागा होती. छपाईचं यंत्र, डार्करूम, चित्रफितीचा कॅमेरा तिथं होता. १९७२पर्यंत ते चाललं.

तिथं पदमसींनी ‘सिझिजी’ हा मूक, कृष्णधवल लघुपट केला. तीन खगोल एका रेषेत येण्याला हा शब्द वापरतात. पदमसींनी भूमितीच्या अंगानं काढलेली शेकडो रेखाटनं एकापुढे एक ठेवून तो बनला आहे. ॲनिमेशनचं काम राम मोहन यांनी केलं. रेषा येतात, जोडल्या जातात, आकार होतो, मोडतो. सिनेमाची फीत सेकंदाला चोवीस चौकटी, म्हणजे मिनिटाला १४४० चौकटी खाते, हे लक्षात घेतलं तर या कामातला चिवटपणा कळतो. बघणाऱ्याला मात्र धरायला काहीच मिळत नाही. नायक नाही, आवाज नाही. तरीही आपण गप्प बसत नाही. ही रेषा त्या रेषेला भेटणार का, असं मनात येतंच. म्हणजे गोष्ट काढून घेतली तरी गोष्टीची भूक बाकी राहते, आणि ती भागवायला आपण स्वतःच कामाला लागतो. माझ्या समजुतीप्रमाणे पदमसींचा प्रयोग रेषांइतकाच या भुकेवरही होता.

त्यांची दुसरी फीत होती ‘इव्हेंट्स इन अ क्लाउड चेंबर’. स्वतःच्याच एका तैलचित्रातलं निसर्गदृश्य त्यांनी आकार आणि रंगीत प्रकाश यांचं प्रक्षेपण करून पुन्हा घडवलं आणि ते १६ मिलिमीटरच्या फितीवर टिपलं. तिची एकच प्रत होती. ती दिल्लीला प्रदर्शनासाठी गेली आणि हरवली. पुढे चाळीसहून अधिक वर्षांनी दिग्दर्शक आशिम अहलुवालिया यांनी वृद्ध पदमसींना सोबत घेऊन त्या हरवलेल्या फितीचा माग काढला आणि २०१६मध्ये त्याच नावाची फिल्म केली. पदमसी जानेवारी २०२०मध्ये गेले. आज आपल्याकडे मूळ कलाकृती नाही. ती पाहिलेल्यांनी तिच्याविषयी काय सांगितलं, एवढंच आहे. हे वाचलं त्या रात्री मला आमच्या दुकानातली फळी आठवली. माझी आणि पदमसींची बरोबरी नाही, पण एकच प्रत असणं म्हणजे काय हे मला ठाऊक होतं.

या वर्कशॉपमधल्या सर्वांत तरुण कलावंतांपैकी एक होत्या नलिनी मालानी. १९४६मध्ये कराचीत जन्म, फाळणीनंतर कुटुंबासह भारतात आगमन आणि १९६९मध्ये मुंबईच्या सर ज. जी. कला महाविद्यालयातून शिक्षण पूर्ण. त्याच वर्षी त्यांनी ‘ड्रीम हाउसेस’ ही ८ मिलिमीटरची रंगीत फीत केली. पुठ्ठ्याच्या इमारतींची प्रतिकृती, तिच्यावर बदलता रंगीत प्रकाश आणि चौकटीमागून चौकट टिपण्याचं तेच जुनं तंत्र. नव्या देशात सर्वांना नेटकी घरं मिळतील, या नेहरूकालीन आशेची ती फीत होती. १९७६मध्ये त्यांनी दुसरी फीत टिपली. ही कृष्णधवल. एक तरुणी उंचावरून शहराकडे पाहते आहे आणि समोर झोपड्या पसरल्या आहेत. मग या दोन्ही फिती जोडीनं दाखवायच्या ठरवून त्यांनी नाव दिलं ‘युटोपिया’.

मी हे काम मुंबईत एका दालनात पाहिलं. चार मिनिटांच्या आत संपतं आणि पुन्हा सुरू होतं. दोन्हीकडे एका वेळी नीट पाहता येत नाही. रंगीत घरं पाहताना मुलगी सुटते, मुलगी पाहताना घरं निसटतात. मान वळवायचं काम आपलं. शूटिंगवाला म्हणून मला लगेच लक्षात आलं, की इथं मिक्सिंग केलेलंच नाही. ते पाहणाऱ्यावर सोपवलं आहे. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या माणसानं नजर वेगळ्या क्षणी फिरवली असेल, तर त्यानं माझ्याहून वेगळी फिल्म पाहिली. कुणाला त्यात स्वप्नभंग दिसेल, कुणाला आणीबाणीचं वर्ष. मला ती मुलगी दुष्काळात गाव सोडून पुण्याला गेलेल्या आमच्याकडच्या एखाद्या पोरीसारखी वाटली. मालानींच्या मनात कर्जत तालुका नक्कीच नसणार. तरी माझं वाटणं चुकीचं ठरत नाही, कारण दोन फितींच्या मधली जागा त्यांनी मुद्दाम रिकामी ठेवली आहे.

म्हणजे कोणताही अर्थ चालतो का? तसं मला वाटत नाही. मालानींच्याच ‘रिमेंबरिंग टोबा टेक सिंग’कडे पाहू. मे १९९८च्या अणुचाचण्यांनंतर, मंटोंच्या फाळणीवरच्या कथेचा आधार घेऊन त्यांनी हे काम उभं केलं. जमिनीवर पत्र्याच्या बारा ट्रंका, प्रत्येकीत एक टीव्ही, भोवती भिंतींवर मोठी प्रक्षेपणं. समोरासमोरच्या दोन भिंतींवर दोन स्त्रिया एकच साडी घडी करू पाहतात, एक भारतातली, एक पाकिस्तानातली. मधली जमीन ओलांडता येत नाही, म्हणून घडी जमत नाही. आणि त्या मधल्या जमिनीवर कोण उभं असतं? आपण. पाहणारा इथं कुठंही उभा राहू शकतो, पण तटस्थ राहू शकत नाही. १९९९मध्ये हे काम मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये मांडलं गेलं. मुंबई पाहायला आलेली माणसं ज्या इमारतीत शिरतातच, ती ही जागा. कलादालनाचा उंबरा ज्यांना परका वाटतो त्यांनाही पत्र्याची ट्रंक समजावून सांगावी लागत नाही. ती सासरी आणलेली असते, नाहीतर गाव सोडताना उचललेली असते. अर्थ मोकळा असला तरी तो लावायचं सामान कलावंतानंच निवडून ठेवलेलं असतं.

आणखी एका कामाचा उल्लेख करतो, कारण त्याच्या नावापाशी मी अडखळलो होतो. ‘मेमरी : रेकॉर्ड/इरेज’, वर्ष १९९६. ब्रेख्तच्या एका कथेवरून मालानींनी केलेला हा व्हिडिओ. कॅमेऱ्याखाली चित्र काढायचं, टिपायचं, पुसायचं, बदलायचं, पुन्हा टिपायचं. जुन्या चित्राचा ठसा कागदावर थोडा राहतो, आणि हलणाऱ्या चित्रात ती पुसट सावली मागं रेंगाळते. कागदाला ही सोय आहे. व्हीएचएसच्या फितीला नाही. सिनेमाची फीत निदान उजेडाकडे धरून पाहता तरी येते. व्हिडिओ कॅसेटीची तपकिरी पट्टी कशीही धरा, काही दिसत नाही. आणि तिच्यावर नवं टिपायला लागलं की यंत्रातला एक हेड आधी जुनं पुसतो, मग दुसरा नवं लिहितो. सावली उरत नाही. मालानी मुंबईत पुसण्याचं चित्र करत होत्या त्याच काळात मी मिरजगावात नुसताच पुसत होतो.

त्या बाई येऊन गेल्यावर मी रॉ कॅसेटी पुसणं बंद केलं. धंद्याला ते परवडणारं नव्हतं, पण केलं. आता ट्रंकेत एकशेचाळीसच्या आसपास कॅसेटी आहेत. काहींना बुरशी लागली आहे. व्हीसीआर दुरुस्त करणारा माणूस मिळत नाही, हेड मी स्वतःच स्पिरिटनं पुसतो.

२०१९मध्ये त्यातली १९९४ची एक कॅसेट लावली. त्या घरानं उरलेले पैसे दिले नव्हते, म्हणून फायनल झाली नव्हती आणि रॉ तशीच राहिली होती. पंगतीत एक वाढपी पाठमोरा दिसला. डोक्याला टॉवेल, हातात बुंदीचं घमेलं, अकरा-बारा सेकंद. मी बाईंना निरोप धाडला. त्या मुलीला घेऊन आल्या. तेवढा तुकडा त्यांनी पाच वेळा लावायला सांगितला. मुलीनं तो मोबाइलवर टिपून घेतला. मी म्हणालो, “आक्का, चेहरा दिसत नाही. दुसरंही कुणी असेल.” त्या पडद्यावरून नजर न काढता म्हणाल्या, “पाठ आमच्या दादांचीच हाय. असं वाकून दुसरं कोण वाढतंय?”

मला आजही खात्री नाही. त्यांना आहे. कॅसेटीवर मी मार्करनं लग्नाचं नाव लिहिलं होतं. त्याच्या खाली त्या दिवशी त्यांच्या वडिलांचं नाव लिहिलं, आणि कुणी ओळखलं तेही लिहून ठेवलं.