खाट की घर? एग्मोरशेजारचा एक प्रयोग

क्षयावर सॅनेटोरियम हाच खरा उपाय, ही समजूत १९५०च्या दशकापर्यंत पक्की होती. मोकळी हवा, सक्तीची विश्रांती, सकस आहार; मिरज-पाचगणीला रुग्ण त्यासाठीच जात. पण देशात रुग्ण लाखोंच्या घरात आणि खाटा काही हजार. नवी औषधे घरीच घेतली तर चालतील का, हा प्रश्न मद्रासच्या ट्युबरक्युलोसिस केमोथेरपी सेंटरने हाती घेतला. १९५६ साली निघालेले हे केंद्र एग्मोरला लागून, चेटपेटच्या स्पर टँक रोडवर होते. वॉलेस फॉक्स त्याचे प्रमुख.

सॅनेटोरियमातून बरे झालेले आणि घरी राहिलेले यांची नुसती तुलना करून भागले नसते. ज्याची ऐपत किंवा ओळख, त्याला खाट. मग फरक खाटेचा की खिशाचा? म्हणून शहरातल्या गरीब वस्त्यांतले १९३ रुग्ण घेतले आणि कोण कुठे जाणार हे चिठ्ठी टाकावी तसे यदृच्छ ठरवले. डॉक्टरांच्या दयेला तिथे वाव नव्हता, आणि प्रयोगाची खरी ताकद हीच. औषधे दोन्हीकडे तीच, आयसोनियाझिड आणि पीएएस. मुदत एक वर्ष. क्ष-किरण फोटो तपासणाऱ्याला रुग्ण कोणत्या गटातला हे सांगितले जात नसे.

कच्चा दुवा होता घरच्या गोळ्यांचा. पीएएसने मळमळ होते, माणूस टाळाटाळ करतो. त्यामुळे केंद्राची माणसे न कळवता दारात उभी राहत, उरलेल्या गोळ्या मोजत आणि लघवीचा नमुना घेऊन जात. औषध पोटात गेले की नाही, ते त्यात कळे.

१९५९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सॅनेटोरियमातल्यांचे वजन जास्त वाढले होते. घरी उपचार घेणाऱ्यांना खायला कमी, अंगमेहनत जास्त, जागा दाटीची. तरीही वर्षअखेर रोग शांत झालेल्यांचे प्रमाण घरी ८६ टक्के, सॅनेटोरियमात ९२ टक्के निघाले. इतक्या थोड्या फरकासाठी लाखोंना खाटेची वाट पाहायला लावणे परवडणारे नव्हते.

घरच्यांना लागण होईल, ही भीती उरली होती. कुटुंबीयांवरही लक्ष ठेवले गेले. घरी उपचार झाल्यामुळे त्यांचा धोका वाढल्याचे दिसले नाही. १९६२ साली सुरू झालेला राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम घरच्या उपचारांवरच उभा राहिला.